कोपरा कापलेली पत्रिका

कागद जिभेला लावून बघायची सवय मला अण्णांपासून लागली. आजही कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली की माझा हात आधी तोंडाकडं जातो, आणि सून डोळे वटारते. चारचौघांत बरं दिसत नाही हे मलाही कळतं, पण या वयात आता काय सुधारणार मी! अण्णा म्हणजे माझे वडील. मानवतला धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता, आणि छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. खरं तर छापखानाच आमच्या घरात राहायचा, कारण शाईचा आणि रॉकेलचा वास वरणालासुद्धा यायचा. कागद जिभेला चिकटला तर तो शाई पिणार, अण्णा सांगायचे, आणि निसटला तर शाई वरच राहून फिसकटणार. कागदाची चिरफाड करून त्याची उभी-आडवी वीण ओळखायची, कानाजवळ नेऊन खडखडवायचा, उजेडात धरायचा, आणि मगच त्याला मशीनवर चढवायचं. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत, असं आई म्हणायची.

सकाळी हुसेनभाई यायचे आणि ट्रेडल सुरू करायचे. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन. त्याच्या खट्-खटाक् आवाजावर आमच्या फळीवरची भांडी तालात हलायची. ते थांबलं की घरात एकदम चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आई एका चुलीवर चुरमुऱ्यांचा सुशीला परतायची आणि दुसऱ्या चुलीवर खळ शिजवायची. मैद्याची ही खळ पाकिटं आणि पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवायला लागायची, आणि किडा लागू नये म्हणून शेवटी तिच्यात मोरचूद पडायचं. एकदा माझ्या मामानं ते पातेलं पिठलं समजून भाकरीबरोबर ओरपलं. मोरचूद पडायच्या आत ओरपलं म्हणून वाचला. तेव्हापासून आईनं खळीच्या पातेल्याला कानाशी लाल चिंधी बांधून ठेवली होती. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, लाल ठेचा आणि शाईनं काळी झालेली नखं, असं आमचं जेवण. मी मॅट्रिक झाले तशी अण्णांनी मला खिळे जुळवायला बसवलं. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळ बांधायची. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, पोरीचे हात काळे करायलीस, कोण करील हिला? आई म्हणायची, हात धुता येतात.

आमच्याकडं कामं यायची ती आडतीच्या पावत्यांची, लग्नपत्रिकांची, शाळेच्या प्रगतिपुस्तकांची. त्यात एके दिवशी माणिक गुरुजी आले आणि म्हणाले, "अण्णा, मला संग्रहालयाच्या उद्घाटनाची पत्रिका छापायचीय. आन एक पुस्तिका बी." गुरुजी आमच्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले होते. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी वीरगळ, निजामाच्या काळातली कुलपं, हाली नाणी, तांब्याची भांडी, पोथ्या, उर्दू दस्त असं काय काय गोळा केलं होतं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा सरकीचं एक जुनं गोदाम कुणीतरी त्यांना वापरायला दिलं. आमच्या लेखी ते दगडं जमवणारे वेडे गुरुजी. लोक तोंडावर हसायचे, आणि गुरुजीही त्यांच्याबरोबर हसायचे.

पण त्या दिवशी ते हसले नाहीत. बाजेवर बसून चहा गार होऊ दिला आणि अण्णांना म्हणाले, "कलेक्टर आला न आला, मला फरक पडत न्हाई. माझी आक्का आली पायजे." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गयाबाई. चुडाव्याला रेल्वेतून उतरून दोन कोसांवर तिचं सासर. आई लहानपणीच गेली, गुरुजींना वाढवलं ते आक्कानं. संग्रहालयातली पहिली वस्तूही तिनंच दिलेली. निंदताना वावरात सापडलेला दगड, त्यावर काकणं भरलेला बाईचा हात कोरलेला. तिनं तो बैलगाडीत घालून भावाकडं पोचता केला होता. पुढं ते नामांतराचे दिवस आले. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत दोन तट पडले. गुरुजी आक्काच्या गावी चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, नाव दिलंच पाहिजे, त्यात कुणाच्या बापाचं काय जातं? नंतर वस्तीतली घरं पेटली, तेव्हा त्यातलं एक कुटुंब त्यांनी मानवतला आणून स्वतःच्या घरात ठेवलं. आक्काचा नवरा, दाजी, दुसऱ्या तटातला. त्यानं निरोप धाडला, "आता तुमचं तोंड बघायचं न्हाई, आन हिचं बी माहेर सरलं." त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. गुरुजींनी पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. दिवाळीला साडी पाठवली, ती तशीच परत आली.

"तिला वाचता येत न्हाई," गुरुजी म्हणाले. "पत्रं तिच्यापर्यंत पोचत बी नसतील. पोचली तर कोण वाचून दाखवणार? म्हणून म्हणतो अण्णा, कागद असा द्या, की नुसता हातात धरला तरी तिला कळावं, माणिकनं काहीतरी जिवाभावाचं धाडलंय."

अण्णांनी आयुष्यात हजारो पत्रिका छापल्या असतील, पण अक्षर न वाचणाऱ्या माणसासाठी पत्रिका छापायची ही त्यांची पहिलीच वेळ. ते खूश झाले. बाजेवर त्यांनी तीन नमुने मांडले. एक चकचकीत आर्ट कार्ड, एक पिवळं आयव्हरी, आणि एक कागजीपुऱ्याचा हातकागद, जाडसर, कडा सुटलेल्या, मध्येमध्ये चिंध्यांचे तंतू दिसणारा. गुरुजींनी डोळे मिटले आणि तिन्हींवरून हात फिरवला. हातकागदावर त्यांचा हात थांबला तो थांबलाच. "हे. हे आईच्या जुन्या लुगड्यासारखं लागायलंय." अण्णांनी सांगितलं की हा कागद मशीनला त्रास देतो, शाई जास्त पितो, खिळे झिजवतो. पण सांगताना त्यांचा हातही त्या कागदावरून निघत नव्हता. पुस्तिकेला आत साधा मॅपलिथो कागद, चित्रांपुरता आर्ट पेपर, आणि शिलाई दोऱ्याचीच, असं ठरलं. पिना मारायच्या नाहीत, पिना गंजतात आणि पान खातात, दगडांची पुस्तिका दगडांइतकी नाही तरी आपल्या नातवापर्यंत तरी टिकावी, असं अण्णांचं म्हणणं. हल्ली माझा नातू मला मोठमोठ्या संग्रहालयांची पुस्तकं आणून दाखवतो. मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचं कातडं ओढलेलं, वर अक्षरं तेवढी चमकणारी. छान असतात हो, खोटं कशाला बोलू? पण बोटांना काहीच बोलत नाहीत.

दगडांच्या फोटोंचे छपाईसाठी जस्ताचे ब्लॉक करून आणायला अण्णांना औरंगाबादला जावं लागणार होतं. निघताना पिशवी खांद्याला लावून ते मला म्हणाले, "पत्रिका तू कर." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझं लग्न कुठं जमेना आणि छापखान्यात अजून माझ्या नावावर एकही काम नव्हतं. प्रुफं बघायची, खिळे परत खणात टाकायचे, पाकिटं चिकटवायची, एवढंच. "कागद रात्रभर ओल्या फडक्यात ठेव, म्हणजे मऊ पडेल. काळ्यात थोडी तांबडी शाई घाल. आन कोपऱ्याला हळदीचं बोट लावायला विसरू नको," असं सांगून ते एसटीला गेले. मी आनंदानं इतकी हवेत होते की शेवटचं वाक्य ऐकून नाक मुरडलं. हळदीचं बोट? हे काय लग्न आहे?

मजकूर मी जुळवला आणि तीनशे पत्रिका हुसेनभाईंनी छापल्या, आणि खरं सांगते, इतकं देखणं काम आमच्या छापखान्यातून तोवर निघालं नव्हतं. अक्षरं कागदात रुतून बसली होती, बोट फिरवलं तर ओळ हाताला लागायची. गुरुजींनी प्रूफ पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पत्रिका वाळायला म्हणून मी त्यांची एकच थप्पी लावली, ती खालच्या फळीवर, आणि वरच्या फळीवर खिळे धुवायचा रॉकेलचा डबा. डबा गळका होता, हे मला ठाऊक होतं. मीच त्याचं भोक साबण लावून बुजवलं होतं! दुपारी जेवून येऊन बघते तो थप्पीचा उजवीकडचा वरचा कोपरा वरपासून खालपर्यंत तेलकट पिवळा. हातकागद काय, मिळेल ते प्यायला तयारच असतो. तीनशेच्या तीनशे पत्रिका गेल्या. नवा कागद आणायचा तर थेट कागजीपुरा गाठायचा, आणि वेळ कुठला? मी जमिनीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. आई पीठभरल्या हातांनी बाहेर आली, डाग बघितला, आणि तीही माझ्याजवळ बसली.

मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. कागदाच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या नमुन्यांच्या वहीत मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनाचं एक कार्ड होतं, त्याचा एक कोपरा तिरका छाटलेला. मी पत्रिका कटिंग मशीनखाली तिरक्या लावल्या. हुसेनभाई धावत आले. "बेटी, कोना मत काट. लोगां मय्यत का समझेंगे." आमच्याकडं कुणी गेल्याचं पत्र आलं की त्याचा कोपरा फाडलेला असतो, हे मला काय माहीत नव्हतं? तसलं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. कळलं की तिथल्या तिथं फाडून टाकायचं. "ते हातानं फाडलेलं असतं हुसेनभाई," मी म्हणाले, "हे मशीननं कापलेलं आहे." एवढा मोठा फरक त्यांना कळत नाही याचा मला राग आला. मी चाक फिरवलं. पातं उतरलं. डाग गेला, आणि पत्रिका अशी दिसायला लागली की जणू मुंबईहूनच आली आहे. हळदीच्या बोटाचा प्रश्नच मिटला, कारण हळदीचा कोपराच राहिला नव्हता. गुरुजींनी दिलेल्या यादीवरचे पत्ते मी स्वतःच्या हातानं घातले आणि संध्याकाळच्या टपालात सगळी पाकिटं टाकून आले. इतकी वर्षं झाली, पण ते चाक फिरवतानाचा माझा तोरा आठवला की अजून कान गरम होतात.

पाकिटं टाकल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा आले. ब्लॉकची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी पत्रिका मागितली. मी मोठ्या दिमाखात पुढं केली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली.

"कोपरा कुठाय?"

मी सांगितलं. डबा, रॉकेल, मुंबईचं कार्ड, सगळं. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ट्रेडलच्या स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गेल्या?" म्हणाले. मी म्हणाले, गेल्या. "आक्काला बी?" आक्काचं पाकीट तर मी सगळ्यात आधी टाकलं होतं.

आम्ही दोघं गोदामात गेलो. गुरुजी भिंतींना चुना देत होते. अण्णांनी हात जोडून सांगितलं. गुरुजी आधी हसले. "शिकल्यासवरल्या माणसांना गेल्यात, वाचतील की." मग त्यांचा हात बादलीतच थांबला. आक्का वाचणार नव्हती. आक्का नुसती हातात धरणार होती, आणि त्यांनीच तर तसं सांगितलं होतं. तिच्या गावात जायची गुरुजींना बंदी. पोस्टकार्ड टाकलं तर ते तीन दिवसांनी पोचणार. तार करावी, तर तार आली की आमची माणसं आधी रडतात आणि मग वाचतात. गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले. "म्हातारी हाय ती अण्णा," एवढंच म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आणि गुरुजी गोदामात दगडांखाली चिठ्ठ्या लावत होतो, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला हंबरडा ऐकू आला. "माणक्या रं... माज्या लेकरा..." आक्काच होती ती, रेल्वेनं मानवत रोडला उतरून, तिथून मिळेल त्या गाडीनं आलेली, पदर सुटलेला, अनवाणी, काखेत गाठोडं. घराला कुलूप होतं; शेजाऱ्यांनी गोदामाकडं बोट दाखवलं, आणि पुढचं ऐकायच्या आत ती धावत सुटली होती. मागनं धोतर सावरत दाजी. त्याचेही डोळे लाल होते, हे मी स्वतः पाहिलंय. गुरुजी हातात चिठ्ठी घेऊन दारात आले. आक्का जागच्या जागी थांबली. रडं अर्ध्यात तुटलं. तिनं भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं, पुढं आली, आणि काडकन त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. आणि मग त्याच गालाला कवटाळून अशी रडली की अख्खी गल्ली गोळा झाली.

दाजीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो गुरुजींच्या अंगावर धावून गेला. "फशिवलंस आमाला? मेल्याचं सोंग करून बलिवलंस? मानवतचा शिक्का व्हता पाकिटावर, जाऊनं कोपरा बघून कागद फाडून टाकला, आमी वाचला बी न्हाई, तसंच निघालाव!" गुरुजी खाली मान घालून उभे. मला वाटलं, हे आता गुन्हा आपल्या अंगावर घेणार, आणि बहीण कायमची जाणार. मी पुढं झाले. "गुरुजींनी नाही केलं. कोपरा मी कापला. माझ्या हातनं रॉकेल सांडलं म्हणून कापला." दाजीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं एखादं मांजर मध्येच बोललंय. "पोरीसोरी छापायल्यात व्हय आता पत्रिका?" आणि आक्काचा दंड धरून म्हणाला, "चल. ऊठ. हितं काय कुनी मेलं न्हाई."

आक्कानं दंड सोडवून घेतला. पदरानं तोंड पुसलं. गाठोडं काखेतून काढून गोदामाच्या उंबऱ्याच्या आत, दगडांच्या ओळीत नेऊन ठेवलं. "तेरा दिसाच्या बोलीनं आलेय मी," ती म्हणाली. "गावाला सांगून आलेय. म्हशीची धार जावंवर टाकून आलेय. तेरा दिस झाल्याबिगर येत नसते."

"आगं, पर त्यो जित्ता हाय!"

"मग त्येला काय करू? मारू का आता?"

जमलेली गल्ली हसली. गुरुजी हसता हसता रडले. दाजी मात्र हसला नाही. उभ्या उभ्या तो परतीच्या गाडीला निघून गेला, पाणीसुद्धा न पिता.

आक्का तेरा दिवस राहिली. उद्घाटन सहाव्या दिवशी झालं. माणसं बरीच आली. निम्मी पत्रिका वाचून आली होती, आणि निम्मी गुरुजी कशानं गेले ते विचारायला. ज्यानं त्यानं दारात गुरुजींना हात लावून बघितला. कलेक्टर आले नाहीत. काकणांच्या हाताचा तो दगड मधोमध मांडला होता, त्याच्याशेजारी आक्का नवं लुगडं नेसून बसली आणि येईल त्याला सांगायची, ह्यो मपल्या वावरातला. दुपारी ती आमच्या घरी यायची. आईला तिनं शेंगांची चटणी कुटायला शिकवली, आणि खळ ढवळत बसायची. मी समोर आले की मात्र बोलायची नाही. मीही तिच्या वाऱ्याला उभी राहायचे नाही. तोंडच नव्हतं मला.

तेराव्या दिवशी गुरुजींच्या घरी पुरणाचा बेत केला होता. आम्ही सगळे जेवलो, हुसेनभाईसुद्धा. दाजी न्यायला आला, तो आत आला नाही, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभा राहिला. गुरुजी तांब्या घेऊन गेले. दाजीनं बराच वेळ तांब्याकडं बघितलं, मग ओंजळ पुढं केली. मला माझा छापखाना, माझा तोरा, सगळं त्या क्षणी नकोसं झालं होतं. अण्णांना मी सांगून टाकलं होतं की मी आता पुन्हा पत्रिकेच्या कामाला हात लावणार नाही, पावत्यांना नंबर मारत बसेन. अण्णा नुसते हं म्हणाले होते.

आक्का गाठोडं घेऊन निघाली आणि माझ्यासमोर थांबली. "ती पत्रिका दे गं एक," म्हणाली. मी घाबरत दिली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, अंगठ्यानं चोळली, कापलेल्या कोपऱ्यावरनं बोट फिरवलं.

"जाऊनं फाडली म्हन्लं मी त्येनला," ती हळूच म्हणाली. "जाऊनं न्हाई, मीच फाडाय घेतली व्हती. पर मेली फाटता फाटंना. दातात धरून वढली तरी फाटंना. मला वाटलं, माज्या माणक्याचाच जीव हाय ह्यात. तशीच कणगीत दडवून ठिवली." तिनं पत्रिका पोलक्यात सरकवली. "कागद लय चांगला काढलास पोरी. असाच काढत जा."